गोडो ४ : कृष्णेच्या पुराचा शैक्षणिक खेळ मराठीत बनवायचा असेल तर

पावसाळा आला की सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी घराघरांत बोलली जाते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण कोयना धरणातून ५० हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) सुटतंय म्हणजे धरण तासाला किती रिकामं होतंय, आणि ते पाणी सांगलीत चढेपर्यंत मधे काय काय घडतं, असं विचारलं की मोठी माणसंही अडखळतात. हे वाचून डोक्यात बसत नाही. स्वतः दरवाजा उचलायचा, अंदाज चुकायचा, पुन्हा उचलायचा, तेव्हा बसतं. खेळासाठी याहून चांगला विषय आपल्या भागात सापडणं अवघड. म्हणून गोडो या मोफत गेम इंजिनचं (खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरचं) हे परीक्षण हाच एक खेळ समोर ठेवून केलं आहे: सातवी-आठवीच्या मुलांनी कोयनेचे दरवाजे चालवायचे आणि सांगली बुडू द्यायची नाही. खेळ बनवणारा विद्यार्थी बारावीचा, डिप्लोमाचा किंवा बीसीएस-बीसीएचा, आणि हाताशी कॉलेजच्या लॅबमधला जुना कॉम्प्युटर, असं धरलंय.

निकाल आधीच सांगतो. या कामाला गोडो घ्यावं, आणि आवृत्ती ४च घ्यावी. कारणं पुढे येतीलच, पण सगळ्यात मोठं कारण मराठी अक्षरं हे आहे.

गोडोचा जन्म अर्जेंटिनातला. २०१४ साली ते एमआयटी या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुलं झालं आणि मार्च २०२३ मध्ये आवृत्ती ४ आली. पैसे भरायचे नाहीत, नोंदणी नाही, बनवलेल्या खेळाच्या कमाईत वाटा नाही. शंभर एमबीच्या आतली झिप उतरवायची, उघडायची, आतल्या फाइलवर डबल क्लिक करायचं. इन्स्टॉल करावं लागत नाही, त्यामुळे लॅब असिस्टंटकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागत फिरावं लागत नाही. इंजिन आणि प्रोजेक्ट दोन्ही एका पेनड्राइव्हवर मावतात. मात्र खेळ एक्स्पोर्ट करायची, म्हणजे इंजिनशिवाय चालणारी फाइल काढायची वेळ आली की एक्स्पोर्ट टेम्प्लेट नावाचा वेगळा गठ्ठा लागतो. तो एक जीबीच्या आसपास असतो आणि इंजिनच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावा लागतो. सबमिशनच्या आदल्या रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो उतरवायची पाळी आणू नका, पहिल्या आठवड्यातच कॉलेजच्या वायफायवर उतरवून ठेवा.

डाउनलोडच्या पानावर दोन प्रकार दिसतात, साधा आणि सी-शार्प भाषा चालणारा डॉटनेटवाला. साधाच घ्या. कॉलेजात सी-शार्प शिकवलं असेल तर दुसऱ्याचा मोह होतो, पण गोडो ४ मध्ये सी-शार्पमध्ये लिहिलेला खेळ ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट होत नाही. शाळांपर्यंत पोचायचं तर ब्राउझरचा रस्ता बंद करून चालणार नाही.

नवीन प्रोजेक्ट करताना रेंडररचे (पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाचे) तीन पर्याय विचारले जातात: फॉरवर्ड प्लस, मोबाइल आणि कंपॅटिबिलिटी. पहिले दोन व्हल्कनसारख्या नव्या ग्राफिक्स पद्धतींवर चालतात. लॅबमधल्या जुन्या इंटेल ग्राफिक्सवर ते एकतर सुरूच होत नाहीत, नाहीतर खिडकी काळी राहते. तिसरा ओपनजीएल या जुन्या पद्धतीवर चालतो आणि वेबसाठी तोच एक चालतो. आपला खेळ द्विमितीय आहे, तेव्हा पहिल्या दिवशीच कंपॅटिबिलिटी निवडा. नंतर बदलता येतो, पण रंग आणि प्रकाशात थोडा फरक पडतो आणि केलेलं काम पुन्हा जुळवत बसावं लागतं.

आता मराठी. आवृत्ती ३ मध्ये देवनागरी धड दिसत नाही. 'स्थिती' लिहिलं तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षराचे पाय मोडतात. आवृत्ती ४ मध्ये हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर आतच बसवलेलं आहे, त्यामुळे 'विसर्ग', 'पूर्वसूचना', 'कृष्णा' हे शब्द छापल्यासारखे नीट जुळतात. मराठी मुलांसाठी खेळ करणाऱ्याला फक्त एवढ्यासाठी ३ सोडून ४ घेणं भाग आहे.

पण इथे एक खड्डा आहे, आणि नवखे विद्यार्थी त्यात हमखास पडतात. गोडोच्या खेळात जो मूळचा फाँट असतो त्यात देवनागरी नाही. विंडोजवर चालवताना इंजिन गुपचूप विंडोजचा फाँट उसना घेतं, म्हणून सगळं छान दिसतं. ब्राउझरमध्ये अशी उसनवारी चालत नाही. तिथे प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतो, आणि हे कळतं ते थेट शाळेत खेळ उघडल्यावर. उपाय दोन मिनिटांचा आहे. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा बालू यांपैकी एक फाँट उतरवा, हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत. फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका. मग प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीयूआय, त्यात थीम, त्यात कस्टम फाँट या जागी तो लावा. एकदा लावला की सगळ्या पाट्या, बटणं, सूचना त्याच फाँटमध्ये येतात.

त्यापुढची बारीक गोष्ट ल आणि श ची. मराठी आणि हिंदी वळणात ही दोन अक्षरं वेगळी काढतात. लेबलच्या, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या गुणधर्मांत भाषा नावाचा रकाना असतो, त्यात मराठीचा एमआर हा कोड घाला. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या पाठ्यपुस्तकातल्यासारखे दिसतात. सातवीतल्या मुलाला या फरकानं वाचताना अडायला होतं की नाही यावर वाद घालता येईल, पण शैक्षणिक खेळात अक्षर बालभारतीच्या वळणाचंच असावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

अक्षरं एकेक करून उमटवायची नक्कल, म्हणजे संवाद टाइप होत जातो तशी, बऱ्याच जणांना हवी असते. लेबलमध्ये दिसणाऱ्या अक्षरांची संख्या वाढवत नेली की ती होते. मात्र मूळच्या सेटिंगला मजकूर जुळण्याआधीच कापला जातो, त्यामुळे 'स्त्री' उमटताना आधी स, मग हलन्त स्, मग स्त असे तुटके आकार लुकलुकतात. त्याच गटातला 'कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग' हा पर्याय निवडला की अक्षर पूर्ण जुळूनच येतं.

आकडे मात्र इंग्रजीतच येतात. ४५ हवं असेल तर संख्या मजकुरात बदलून तिच्यातले दहाही अंक एकामागून एक देवनागरी अंकांनी बदलणारं छोटं फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा. स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची नावंही मराठीत देता येतात, 'साठा', 'विसर्ग', 'पातळी' हे चालतं. नवख्याला समजायला ते गोड वाटतं. तरी आम्ही ते सुचवणार नाही, कारण ओळीओळीला कीबोर्ड बदलावा लागतो, आणि कुठे अडलात तर दुसऱ्या कुणाला कोड दाखवून विचारता येत नाही.

भाषा जीडीस्क्रिप्ट आहे. पायथन येत असेल तर दोन दिवसांत हात बसतो. आत ढकललेल्या ओळींवरच सगळं चालतं, आणि तिथेच पहिली चूक होते. इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये स्पेस असतात, गोडोच्या एडिटरमध्ये टॅब. दोन्ही मिसळले की ओळ लाल होते आणि डोळ्यांना काहीच चुकलेलं दिसत नाही. एडिट मेनूमध्ये स्पेसचे टॅब करून देणारी आज्ञा आहे, ती वापरा.

दुसरा त्रास व्हिडिओंचा. यूट्यूबवर शिकवणाऱ्या जुन्या व्हिडिओंपैकी पुष्कळ आवृत्ती ३ चे आहेत. त्यात कायनेमॅटिकबॉडी असतं, ४ मध्ये त्याचं कॅरेक्टरबॉडी झालं. यील्डचं अवेट झालं. ऑनरेडी आणि एक्स्पोर्ट यांच्या आधी ॲटचं चिन्ह आलं. मूव्ह अँड स्लाइडला कंसात वेग द्यायचा, तो आता आधी व्हेलॉसिटीत ठेवायचा आणि कंस रिकामा सोडायचा. टाइलमॅपच्या जागी ४.३ पासून टाइलमॅपलेयर आलं. व्हिडिओ लावण्याआधी तारीख बघा, मार्च २०२३ च्या आधीचा असेल तर सोडून द्या. खरं तर व्हिडिओंच्या आधी गोडोच्याच मार्गदर्शिकेतला पहिल्या द्विमितीय खेळाचा धडा सबंध करावा. नोड (खेळाचा एक सुटा भाग) म्हणजे काय, सीन म्हणजे काय, सिग्नल कसा जोडायचा हे तिथे एकाच खेळात हातून होऊन जातं.

आता प्रत्यक्ष खेळ. कोडच्या आधी चिंचोके घ्या, ही सूचना अगदी मनापासून आहे. एक चिंचोका म्हणजे एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, तेव्हा १०५ चिंचोके मावतील असं एक पातेलं. फासा टाकला की तेवढे आत, ही आवक. खेळणाऱ्यानं ठरवलेले तेवढे बाहेर, हा विसर्ग. बाहेर काढलेले चिंचोके लगेच सांगलीच्या वाटीत टाकायचे नाहीत. मधे कागदाचे सहा-सात चौकोन मांडायचे, कोयनानगर, पाटण, कराड, भिलवडी असे, आणि प्रत्येक डावाला चिंचोके एक घर पुढे सरकवायचे. चार मुलांना हे खेळायला बसवा. पाऊस दिसला की मुलं दरवाजा बंद ठेवतात, पातेलं भरतं, मग घाबरून सगळं एकदम सोडतात, आणि सहा-सात डावांनी सांगलीची वाटी उतू जाते. तोपर्यंत वारणेचंही पाणी आलेलं असतं, कारण सांगलीलगतच्या हरिपूरला ती कृष्णेला मिळते. हा उशीर हाच या खेळातला धडा. चिंचोक्यांनी तो समजत नसेल तर गोडोनंही समजणार नाही.

याउलट, पोरगा उड्या मारतोय, नाणी वेचतोय, आणि मधेच खिडकी उघडून 'कोयना धरण कोणत्या जिल्ह्यात आहे?' असं विचारलं जातंय, याला शैक्षणिक खेळ म्हणू नये. उडीचा आणि प्रश्नाचा काही संबंध नसतो. मुलं प्रश्न न वाचता पर्याय दाबतात आणि पुन्हा उडी मारायला धावतात. बाहेर प्रोजेक्ट म्हणून जे पाहायला मिळतं त्यात हाच प्रकार जास्त, आणि मार्कही मिळतात, पण मुलांच्या हाती काही लागत नाही.

गोडोमध्ये हा खेळ मोजक्या नोडमध्ये बसतो. मुळाशी एक नोड२डी, त्याखाली धरणाचं चित्र, दरवाज्यासाठी उभा स्लायडर, पुलाच्या खांबाचं चित्र, पाण्यासाठी निळा कलररेक्ट (रंगीत चौकोन), मजकुरासाठी लेबलं, आणि सगळ्याचा ठोका देणारा टायमर. एका सेकंदाला खेळातला एक तास धरा. टायमरच्या ऑटोस्टार्टवर मूळची खूण नसते. ती करायला विसरलं की खेळ सुरू होतो, स्लायडर हलतो, आणि पाणी मात्र जागचं हलत नाही.

कोयनेला सहा वक्र दरवाजे आहेत आणि पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक वेगळे सुटतात. पहिल्या आवृत्तीत सहा दरवाज्यांचे सहा स्लायडर करायचा मोह टाळा. एकच स्लायडर ठेवा, सहाही दरवाजे एकदम उचलणारा. पायथा वीजगृहाला एक बटण द्या.

मग हिशोब, आणि इथेच दोन चुका अशा होतात की विद्यार्थी दोन-दोन दिवस त्यात घालवतो. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. विसर्ग ५० हजार असेल तर तासाच्या ३,६०० सेकंदांत १८ कोटी घनफूट जातं, म्हणजे ०.१८ टीएमसी. कोडमध्ये हे असं लिहिलं जातं: विसर्ग गुणिले ३६०० भागिले १००००००००० . विसर्ग पूर्णांक म्हणून ठेवला असेल तर सगळे आकडे पूर्णांक होतात, आणि जीडीस्क्रिप्टमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तर पूर्णांकच येतं, दशांश गळून पडतो. म्हणजे उत्तर शून्य. दरवाजे उघडे, स्क्रीनवर ५० हजारांचा आकडा, आणि धरणाचा साठा तासन्तास १०५ वरच. विसर्ग पावणेतीन लाखांच्या पुढे नेल्याशिवाय एक टीएमसीसुद्धा कमी होत नाही. एडिटर याची पिवळी सूचना देतो, पण पिवळ्याकडे कुणी बघत नाही. भाजकाच्या शेवटी दशांशचिन्ह देऊन शून्य लिहा, हिशोब लगेच दशांशात जातो.

दुसरी चूक याची सख्खी बहीण. साठा हे व्हेरिएबल १०५ असं लिहून टाइप इंजिनवर सोपवलं, तर इंजिन त्याला पूर्णांक ठरवतं. पहिल्या तासाला १०५ वजा ०.१८, म्हणजे १०४.८२ व्हायला हवं, ते १०४ होऊन बसतं. पुढच्या तासाला १०३. धरण तासाला एक टीएमसीनं रिकामं व्हायला लागतं. १०५.२५ लिहिलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता. पडताळा घ्यायला एक सोपी संख्या लक्षात ठेवा: एक लाख क्युसेकनं १० हजार सेकंदांत, म्हणजे साधारण पावणेतीन तासांत, बरोबर एक टीएमसी जातं. खेळात स्लायडर एक लाखावर ठेवून तीन सेकंद थांबा. साठा एकाहून किंचित जास्त उतरला तर हिशोब बरोबर आहे.

उशिरासाठी ॲरे वापरा, त्याला रांग समजा. दर ठोक्याला पुढचा एक काढून सांगलीला द्यायचा आणि त्या तासाचा विसर्ग रांगेच्या शेवटी घालायचा. उशीर १२ तासांचा धरला असेल तर खेळ सुरू होतानाच रांगेत १२ आकडे भरून ठेवा, नदीचा नेहमीचा प्रवाह म्हणून. रांग रिकामी ठेवली तर पहिल्याच ठोक्याला रिकामं काहीतरी बाहेर येतं आणि आकड्यात रिकामं मिळवता येत नाही म्हणून खेळ बंद पडतो. किती तासांचा उशीर ठेवायचा हे मात्र मनानं ठरवू नका. पावसाळ्यात धरणांचे विसर्ग आणि आयर्विनची पातळी रोज जाहीर होते. आठवडाभराचे आकडे वहीत उतरवा, वर कधी वाढलं आणि खाली कधी वाढलं हे स्वतः बघा आणि तो आकडा इन्स्पेक्टरमधून (गुणधर्म दाखवणाऱ्या पट्टीतून) बदलता येईल असा ठेवा.

क्युसेकचे फूट कसे करायचे? इथे गोडोमधली एक सोय फार कामाची आहे. कर्व्ह नावाचा रिसोर्स घ्या. इन्स्पेक्टरमध्ये आलेखाचा छोटा चौकोन येतो आणि रेघ बोटानं ओढावी तशी माउसनं ओढता येते. आडवी बाजू प्रवाहाची, उभी फुटांची. आडव्या बाजूला मुळात शून्य ते एक एवढीच जागा असते, म्हणून प्रवाहाला आधी कमाल प्रवाहानं भागा. उभ्या बाजूची कमाल मुळात एक असते, ती ६० करा. २०१९ च्या महापुरात आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा ५० वर कापू नका. भूगोलाच्या बाईंना कोड वाचता येत नसला तरी ही रेघ बघून त्या सांगू शकतात की इथे पाणी फारच लवकर चढतंय. प्रोग्रामर आणि शिक्षक एकाच गोष्टीवर बोट ठेवून बोलू शकतील अशी जागा दुसऱ्या साधनांत सहजी मिळत नाही.

खांबावर फुटांच्या खुणा काढा, ३० पासून ६० पर्यंत, ४० ला पिवळी आणि ४५ ला लाल. पाणी चढवताना लक्षात ठेवा, गोडोमध्ये वाय खाली वाढतो. पातळी वाढली की कलररेक्टचा वाय कमी व्हायला हवा, नाहीतर पूर येताना पाणी खाली जाताना दिसतं. पातळी दर सेकंदाला धपकन उडी मारू नये म्हणून ट्वीन वापरा, पाऊण सेकंदाचा पुरतो. कलररेक्टवर माउसचा फिल्टर 'इग्नोर' करा. तो 'स्टॉप'वर राहिला तर निळ्या पाण्याखाली गेलेलं बटण दाबलं जात नाही आणि दोष मात्र बटणात शोधला जातो. पाणी चढत गेल्यावर 'तुम्ही हरलात' असं म्हणण्यापेक्षा नकाशावर सूर्यवंशी प्लॉट, मग कर्नाळ रोड असा एकेक भाग निळा होऊ द्या. सांगलीच्या मुलाला त्यातून जे कळतं ते कुठल्याही पाटीनं कळणार नाही.

सूचनांचा आणि संवादांचा मजकूर एक्सेलमध्ये लिहून घेणं सोयीचं, कारण शिक्षक तिथे दुरुस्त्या करू शकतात. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा, साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात. ही फाइल गोडोत टाकली की तो तिला भाषांतराची फाइल समजतो आणि शेजारी भलत्याच फाइली तयार करतो. इम्पोर्ट टॅबमध्ये जाऊन 'कीप फाइल' निवडा आणि पुन्हा इम्पोर्ट करा.

गुण साठवताना पत्ता 'यूजर'नं सुरू होणारा द्या. 'रेस'नं सुरू होणारा दिला तर एडिटरमध्ये सगळं नीट चालतं आणि एक्स्पोर्ट केल्यावर गुण साठतच नाहीत, कारण तो भाग तेव्हा फक्त वाचण्यापुरता असतो. अशीच दुसरी फसवणूक फाइलच्या नावांची. विंडोजला मोठं पी आणि छोटं पी सारखंच, एक्स्पोर्ट केलेल्या खेळाला ते वेगळं. सगळी नावं छोट्या अक्षरांत, मधे अंडरस्कोर, असा नियम पहिल्या दिवशी करून टाका. नाव बदलायचं असेल तर गोडोच्याच फाइल डॉकमधून बदला, बाहेरून बदललं की सीनमधले पत्ते तुटतात. पेनड्राइव्हवर नेताना डॉट-गोडो नावाचा फोल्डर वगळला तरी चालतो, तो पुन्हा तयार होतो आणि झिप हलकी राहते. ४.४ पासून स्क्रिप्टशेजारी दिसणाऱ्या यूआयडीच्या फाइली मात्र कचरा समजून उडवू नका.

वादळी पावसात लाइट जाते हे आपल्याकडे धरूनच चालायचं. एफ५ दाबून खेळ चालवला की गोडो सगळं सेव्ह करतो, त्यामुळे वारंवार चालवून बघायची सवय दोन्ही अर्थांनी चांगली.

शाळेत नेण्याचे तीन मार्ग. विंडोजची फाइल सगळ्यात भरवशाची, पण ती सही केलेली नसल्यानं विंडोज निळी खिडकी दाखवून अडवतो. 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे' हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर व्हायरस आला म्हणून पेनड्राइव्ह बाजूला ठेवला जाईल. ब्राउझरचा एक्स्पोर्ट सुंदर, ४.३ पासून थ्रेडचा पर्याय बंद ठेवला की साध्या होस्टिंगवरही चालतो. पण इंजिनचीच फाइल तीस एमबीच्या पुढे असते, तेव्हा एकाच कनेक्शनवर वीस कॉम्प्युटर एकदम उघडले की तासिकेचा अर्धा वेळ लोडिंगमध्ये जातो. शिवाय एचटीएमएल फाइलवर नुसता डबल क्लिक करून तो चालत नाही, सर्व्हर लागतो. आवाजही खेळणाऱ्यानं पहिला क्लिक केल्याशिवाय वाजत नाही, म्हणून सुरुवातीला 'खेळ सुरू करा' हे बटण ठेवा. अँड्रॉइडसाठी जेडीके १७ आणि अँड्रॉइड एसडीके लागतं, ते जुळवायला एक पूर्ण दिवस राखून ठेवा. एपीके थेट वाटली तर खर्च नाही. प्ले स्टोअरवर टाकायचं तर एकदाच २५ डॉलर, आणि नवीन वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून दाखवावी लागते. सेमिस्टरच्या वेळापत्रकात हे १४ दिवस आधीच मांडा.

बाकीच्या साधनांशी तुलना थोडक्यात. बनवणारा सातवी-आठवीचा असेल तर गोडो नको, ठोकळे जोडून खेळ बनवायचं स्क्रॅच द्या. चिंचोक्यांचा हाच खेळ त्यात दोन दिवसांत उभा राहतो. युनिटी ताकदवान आहे आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याचं नाव जास्त दिसतं, पण इन्स्टॉल कित्येक जीबीचं, चार जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर जीव मेटाकुटीला येतो. २०२३ मध्ये त्यांनी इन्स्टॉलमागे पैसे आकारायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी मागे घेतलं. शाळांना फुकट वाटायच्या खेळासाठी अशी टांगती तलवार कशाला?

गोडोच्या उणिवा लपवायच्या नाहीत. मराठीतून शिकायचं साहित्य फार तोकडं आहे. चुकांचे संदेश नवख्याला घाबरवणारे आहेत. 'निल'वर गुणधर्म लावता येत नाही, असा संदेश पन्नास वेळा येईल, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की डॉलरच्या चिन्हापुढे लिहिलेलं नोडचं नाव चुकलंय, किंवा नोड तयार होण्याआधीच त्याला हाक मारली गेली. हाताशी विचारायला कुणी नसेल तर पहिले दोन आठवडे जड जातात. रोज तासभर धरला तर खेळाचं पहिलं चालतं रूप यायला सहा आठवडे लागतील असं धरा.

पहिलं रूप आलं की पाच मुलांना बसवा आणि मागे उभं राहून गप्प बघा. एकानं जरी दरवाजा उचलून लगेच पुलाकडे बघितलं आणि पाणी चढलं नाही म्हणून अजून उचलला, तर नदीचा मधला पट्टा स्क्रीनवर पुरेसा दिसत नाहीये असं समजा. कोयनानगरपासून आयर्विनपर्यंत पाण्याचा निळा ठिपका सरकताना दाखवा. एका डावाला आठ-दहा मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका, ३५ मिनिटांच्या तासिकेत दोन डाव आणि मधे बोलायला वेळ हवा. मुलं हरल्यावर लगेच दुसरा डाव मांडतात, तेव्हा 'पुन्हा खेळा' बटण शेवटच्या पडद्यावर सगळ्यात मोठं ठेवा. त्याखाली बारीक अक्षरात गोडोच्या परवान्याचा मजकूर आणि फाँटचा उल्लेख यायला हवा, एमआयटी परवान्याची अट त्याचा मजकूर सोबत देण्याएवढीच आहे.